फुटलाच पाहिजे असा ग्लास

परदेशात नोकरीला गेलेल्या लेकाच्या, तेजसच्या लग्नाचं लताबाईंनी बाकी सगळं मान्य केलं होतं. मुलगी पोलंडची, असू दे. लग्न तिकडेच, पोझनानला, त्यांच्या पद्धतीनं, तेही असू दे. धुळ्याहून हळद न्यायची आणि आदल्या दिवशी घरातल्या घरात लावायची, हे कासियानं, म्हणजे होणाऱ्या सुनेनं, आपणहून सांगितलं होतं. लताबाईंचे यजमान चुडामणभाऊ एस.टी.तून निवृत्त झालेले, कीर्तनात टाळ धरणारे. ते म्हणत, "देव काय पांझरेच्या काठालाच राहतो का? बठ्ठीकडे शे तो, सगळीकडे." व्हिसा आला होता. बॅगा अर्ध्या भरून झाल्या होत्या.

मग रविवारी तेजसनं व्हिडिओवर दाराचा विधी सांगितला.

"हॉलच्या दारात दोघी आया उभ्या राहतात, माय. कासियाच्या आईच्या हातात पाव नि मीठ. तुझ्या हातात ट्रे, त्यात दोन ग्लास. ते आम्ही प्यायचे."

"दारू?"

"पाणी ठेवू गं. आणि पिऊन झाले की ग्लास खांद्यावरून मागं फेकायचे. ते फरशीवर फुटतात."

"आणि नाही फुटले तर?"

"फुटावेच लागतात, ते शुभ मानतात. ग्लास मुलाच्या आईनं आणायचे, अशी कासियाच्या घरची रीत आहे."

लताबाईंनी फोन चुडामणभाऊंच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. देवापुढची समई पुसायला घेतली. ती सकाळीच पुसलेली होती.

त्यांची धाकटी बहीण मोहिनी पाचोऱ्याला शाळेत शिकवते. तिच्या लग्नात, वरात दारात आली तेव्हा, नवरदेवाच्या हातातून सरबताचा ग्लास निसटून उंबऱ्यावर फुटला होता. बायका एकमेकींकडे बघून गप्प झाल्या होत्या. तुकडे गोळा केले ते लताबाईंनीच. वर्ष फिरायच्या आत जामनेरच्या रस्त्यावर मोहिनीच्या नवऱ्याची मोटारसायकल मागून ट्रकवर आदळली, तो जागीच गेला. तेव्हापासून लताबाईंच्या घरात काचेची वस्तू वरच्या फळीवर असते, आणि पाहुण्यांनासुद्धा पाणी स्टीलच्या पेल्यात मिळतं. आता त्यांनी स्वतःच्या हातानं काच न्यायची, लेकाच्या हातात द्यायची, आणि तो ती फोडेपर्यंत समोर उभं राहायचं.

त्यांना जेवण जाईना. स्वयंपाकघरात डबा खाली पडला तरी अंगावर काटा येई. तेजस तिकडे गाडी चालवतो, बर्फातून चालवतो, हे त्यांना एरवी माहीत होतंच. आता रोज दिसायला लागलं.

गल्लीतल्या देवळात सप्ताह चालू होता. बुधवारी संध्याकाळी महाराजांनी दृष्टान्त दिला. एका बाईनं देवापुढं दिवा लावला. वाऱ्यानं जाईल म्हणून त्यावर टोपली झाकली. महाराज थांबले, मृदंगवाल्याकडे बघून हसले. "दिवा गेला. आता मला सांगा माउली, वाऱ्यानं गेला की टोपलीनं?" मंडप हसला, टाळ वाजले, चुडामणभाऊंनी तर डोळे मिटून मान डोलावली. लताबाईंनीही टाळी दिली. नाव घेता घेता तेवढा वेळ छाती खरंच हलकी झाली. पण भीतीचं असं असतं की कीर्तन संपेपर्यंत ती बाहेर चपलांपाशी थांबते. पायात चपला घातल्या की लागते बरोबर चालायला.

घरी येऊन त्यांनी तेजसला फोन लावला. "मी येते. पण ग्लास मी धरणार नाही. तू ते रद्द कर."

"माय, अगं गंमत असते ती."

"गंमत तुझी. जीव माझा जातो. तुला माझी शपथ."

चुडामणभाऊ पलंगावरून म्हणाले, "आत्ताच टोपलीवर टाळी देऊन आलीस ना?"

"तुम्ही टाळच वाजवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजसचाच फोन आला. पडद्यावर तो, कासिया आणि मध्ये कासियाची आई बोझेना. लालसर चेहऱ्याची, आखूड केसांची बाई, लताबाईंच्याच वयाची. ती आधी काहीतरी बोलली.

"ती म्हणते, ठीक आहे," तेजस म्हणाला. "तुमच्याकडे अशुभ असेल तर ग्लास नको. पाव नि मीठ पुरे."

लताबाईंनी सुटकेचा श्वास घेतला. पण बोझेनाचे हात त्यांना दिसत होते. मांडीवर एकात एक घट्ट अडकवलेले, बोटं पांढरी पडेपर्यंत. रविवारपासून लताबाईंचे स्वतःचे हात असेच होते.

"तिला विचार, ठीक आहे तर अशी का बसलीय."

तेजसनं विचारलं. बोझेना नाही नाही म्हणाली, मग बरंच बोलली. कासियानं आईच्या पाठीवर हात ठेवला. मग तेजसनं सांगितलं.

"तिच्या लग्नात ग्लास फुटलाच नाही, माय. गवतावर पडला आणि घरंगळत गेला. सगळे हसले. पण तिची आजी हसली नाही. कासिया पोटात असताना नवरा दुसऱ्या देशात कामाला गेला. परत आला नाही. तिकडेच राहिला." तेजस खाली बघायला लागला. "ती म्हणते, मला ठाऊक आहे हा वेडेपणा आहे. पण पोरीच्या लग्नात तो आवाज ऐकला असता, तर मला झोप लागली असती."

कामाला दुसऱ्या देशात गेलेला आणि तिकडेच राहिलेला, हे लताबाईंना पोलिशमधूनही कळलं असतं. बोझेना पडद्यातून त्यांच्याकडे बघत होती आणि त्या बोझेनाकडे.

"उद्या सांगते," लताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी पाचोऱ्याला फोन केला. मोहिनीनं सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, ट्रकला मागचा लाईट नव्हता," ती म्हणाली. "हे कोणालाच आठवत नाही. ग्लास बठ्ठ्यांना आठवतो. सासरी मला किती वर्षं तोच ऐकवला. तूसुद्धा मला कधी काचेच्या ग्लासात पाणी दिलं नाहीस."

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं."

"मला प्रत्येक वेळी वाटलं."

लताबाईंना रडू आलं. मोहिनी म्हणाली, "मी शनिवारी येते. आपण दोघी ग्लास बघायला जाऊ."

आग्रा रोडवर भंवरलालशेठचं भांड्यांचं जुनं दुकान. शेठनी ग्लास पुढं मांडले. "हे घ्या ताई. पडलं तरी फुटत नाही, गॅरंटी."

"फुटणारे दाखवा," मोहिनी म्हणाली.

शेठनी चष्मा वर केला. "फुटणारे?"

"एकदा पडले की फुटलेच पाहिजेत. लग्नात लागतात."

"वडिलांच्या वेळेपासून दुकान आहे, असं गिऱ्हाईक पहिलं आलं," शेठ म्हणाले. "बाकीचे फोडून आणतात आणि मला म्हणतात, बदलून द्या." पण आतून त्यांनी पातळ काचेचा एक जोड आणला. नखानं टिचकी मारली, आवाज लांबत गेला.

"एक फोडून बघू का? पैसे लावा त्याचे," मोहिनीनं विचारलं.

मागच्या बोळात शेठचा माल उतरवायचा कोबा होता. भिंतीकडेला रिकामी पोती टाकलेली. मोहिनीनं ग्लास लताबाईंच्या पुढं केला. लताबाईंचे हात पदरातच राहिले. तेव्हा मोहिनीच पाठ करून उभी राहिली. पदर खोचला, आणि कित्येक वर्षं जिला त्या एका वस्तूवरून बोललं गेलं होतं तिनं तीच वस्तू खांद्यावरून मागं भिरकावली.

लताबाईंनी डोळे घट्ट मिटले. मनात नाव घेतलं. आवाजाची वाट बघितली.

आवाज आलाच नाही. धप्प असं काहीतरी झालं, बस.

त्यांनी डोळे उघडले. ग्लास पोत्यावर पडून कडेला घरंगळला होता. एक चराही नव्हता त्याच्यावर.

गवत, हसणारे पाहुणे, न हसणारी म्हातारी, सगळं एकदम लताबाईंच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी भिंत धरली.

"अक्का, काय गं झालं?" मोहिनी मागं वळली. "फुटला नाही ना. तुला तर बरं वाटायला पाहिजे."

"ती बाई झोपणार नाही गं," लताबाई म्हणाल्या. त्यांनी पोती पायानं रेटून बाजूला सारली, कोबा मोकळा केला, आणि ग्लास उचलून हातात घेतला.

"शेठ," त्यांनी दुकानाकडे तोंड करून विचारलं, "याच्यापेक्षा पातळ आहे का तुमच्याकडे?"