वाचून दाखवली, बरोबर आहे

शेलारांनी पाकिटावर ‘वर्षा सुक्या वाघ’ एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. टोकावड्याजवळच्या पाड्यावरून तिचं पत्र येऊन चार वर्षं झाली होती. त्यात एकच प्रश्न होता: माझी आय कोर्टात खरंच तसं बोलली का?

“झाला का लिवून?” कमळाबाईंनी भाजी निवडता निवडता नवऱ्याला विचारलं. “एवढी पुस्तकं वाचता, चार ओळी जमत नाय?”

“लिहितोय.”

“बाजारात भेटलेली ती. पत्राचं काय बोलली नाय. तुमची तब्येत विचारलीन. म्हणाली, आय आता कोणाशी बोलतच नाय. पाड्यावर सगळे म्हणतात, ठकूच्या जिभेनं घरांची जागा गेली.”

शेलारांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

शहाण्णव साली पाड्याच्या जागेच्या दाव्यात कोर्टातले कारकून म्हणून ठकूची साक्ष टाइप करायला तेच बसले होते. जमीनमालकाच्या वकिलानं विचारलं, पाड्यावर किती महिने राहता? ठकू म्हणाली होती, “पावसाचे चार म्हयने. मंग आमी वीटभट्टीवर जातो. पन घर हितंच, भांडी हितंच, सासू हितंच.” जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. न्यायाधीश साहेबांनी सांगितलं, लिहा, ‘मी तेथे चारच महिने राहते.’ शेलारांनी लिहिलं. खाली नेहमीची ओळ टाइप केली: ‘साक्ष वाचून दाखवली, बरोबर आहे.’ वाचून कोणीच दाखवत नसे. तिचा अंगठा धरून कागदावर त्यांनीच उठवला. निकालात तीच साक्ष आली, अपिलातही तीच टिकली.

“खरं लिवलं तर पेन्शनीवर येईल काय?” कमळाबाईंनी हळूच विचारलं.

“माहीत नाही.”

तीन कागद ‘नियमानुसार’ या शब्दापाशी अडून चुरगळले होते. चौथ्यावर त्यांनी लिहिलं: ‘तुझी आई तसं बोलली नव्हती. घर इथंच आहे, असं ती म्हणाली. ते मी लिहिलं नाही आणि लिहिलेलं तिला वाचूनही दाखवलं नाही. हे पत्र कुणालाही दाखव.’ खाली पूर्ण नाव, तेव्हाचा हुद्दा आणि दाव्याचा नंबर.

मुरबाडच्या पोस्टात त्यांनी पत्र रजिस्टर केलं. बाहेर आले तर समोर टोकावड्याची एसटी भरत होती. तासाभराचा रस्ता.

“येताय का बाबा? जागा हाय,” कंडक्टरनं विचारलं.

शेलार दोन पावलं मागे सरले.

“नाही,” ते म्हणाले. “पत्र टाकलंय.”