प्लग काढला

तलासरीच्या शिलाई केंद्रात बायका कापडी पिशव्या शिवायच्या. परदेशी संस्थेचे लोक आले की त्यांचं बोलणं बायकांना समजावून सांगायला पुष्पा होती. डहाणूला कॉलेज केलेली, पाड्यावरची पहिली पदवीधर. पुस्तकातलं इंग्रजी तिला यायचं. साहेब लोक बोलतात ते वेगळंच असतं, हेही तिला कळून चुकलं होतं. म्हणून भाकऱ्या थापतानाही मोबाइलवर धडे चालू असायचे. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे केकचा तुकडा नाही, सोपं काम, हे तिने केंद्रात सगळ्यांना शिकवलं होतं. अवघड शिलाई आली की सुकीकाकी मशीनवरून ओरडायची, "पुष्पे, हा केक नाय गं!"

२०१७च्या फेब्रुवारीत संस्थेच्या हेलन मॅडम आल्या, सोबत मुंबई ऑफिसचे दीक्षित सर. प्रोजेक्टरवर आकडे दाखवून झाले. लॅपटॉप मिटत मॅडम सरांना म्हणाल्या, "सो, वी आर पुलिंग द प्लग."

पुष्पा लगबगीने उठली, भिंतीशी वाकली आणि प्रोजेक्टरचा प्लग ओढून काढला.

मॅडम क्षणभर बघत राहिल्या आणि तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. सरही हसले. पाहुणे हसतात म्हणून बायका हसल्या. हातात वायर घेऊन पुष्पाही हसली.

"सर, काय चुकलं?" तिने हळूच विचारलं.

"अगं, त्याचा अर्थ बंद करणं. मार्चपासून केंद्र बंद." हसून डोळ्यांत आलेलं पाणी सर पुसत होते. "आत्ता सांगू नकोस. म्हण, थोडे दिवस सुट्टी आहे."

"काय बोलली गं मॅडम?" सुकीकाकीने विचारलं.

सर मानेनेच नको म्हणाले.

"केंद्र बंद करतायत, काकी. मार्चपासून."

सुकीकाकीने हातातली पिशवी खाली ठेवली. "मग तू हसलीस कशाला?"

मला कळलंच नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. पण इंग्रजी कळतं म्हणूनच तर तिला तिथे ठेवलं होतं. पुष्पा हातातली वायर गुंडाळू लागली.

मशिनी टेम्पोत भरून गेल्या. पुष्पाला आधीपासून ठाऊक होतं, ती साहेबांना सामील होती, असं पाड्यावर बोललं जाऊ लागलं. ती घरोघर जाऊन त्या शब्दांचा खरा अर्थ सांगत फिरली. केंद्रातली देवकी म्हणाली, "प्लग म्हणजे प्लगच की. तेवढं आम्हालापण कळतं."

पुढे एकदा सरांचा फोन आला. "मॅडमनी तिकडे भाषणात तुझा किस्सा सांगितला. काय हसले लोक!"

"सर, बायकांना काही काम मिळेल?"

"बघू या. लेट्स टच बेस नेक्स्ट वीक."

फोन ठेवल्यावर तिने अर्थ शोधला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलू. फोन काही आला नाही.

पावसाळा संपल्यावर भिलाडच्या कारखान्याला जाणाऱ्या जीपमध्ये पुष्पाही बसू लागली. सुकीकाकी शेजारी असली तरी बाहेर बघत राहायची. कारखान्यात प्लास्टिकचे डबे खोक्यांत भरायचे असत. सुपरवायझर हिंदीत ओरडायचा, आणि ते सगळ्यांनाच कळायचं.