धावड्याची पांढरी गाडी

मी एक गाडी बोलतेय. पांढरी, उंच, सात माणसांची. जालन्यात तुम्ही मला कुठं तरी पाहिलंही असेल आणि पाहून विसरलाही असाल, कारण माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. पण सकाळी दव पडलं की माझ्या मागच्या काचेवर एक नाव उमटतं. ते बाकीच्या गाड्यांवर उमटत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठिणग्या, रंगाचा उग्र वास आणि अंगावरून फिरलेले पुष्कळ हात. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते शोरूमच्या दारात, अंगदनं माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं तेव्हा.

अंगद धावड्याचा. भोकरदन तालुक्यातलं हे गाव डोंगराच्या कडेला आहे. त्या वर्षी मिरचीनं चांगली साथ दिली होती. वडील तातेराव ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून अडून बसले होते.

"आबा, ट्रॅक्टरवर आईला माहेरी कसं न्यायचं?" अंगदनं विचारलं. तातेरावांनी ट्रॅक्टरचा हट्ट सोडला आणि मी धावड्याला आले.

गावात लोक गाडीच्या काचेवर देवाचं नाव लिहितात, नाही तर आई-वडिलांचा आशीर्वाद. अंगदनं लाल अक्षरांत फक्त 'झुंबर' लिहून घेतलं. झुंबरबाई ही त्याची आई.

"आईचं नाव असं एकेरी लिहितात का रे?" मित्र हसले.

"इतकं झकास नाव हाय, आन् ते एका राशन कार्डावर सोडून कुठंच न्हाई," अंगद म्हणाला.

झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं. कुणी बघत नसताना त्या माझ्यामागं येत आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत. बोटाला मिरचीचा वास असायचा. माझ्या डिकीलाही तोच वास होता. मिरचीची पोती उतरवली की अंगद शिंकत शिंकत मला धुवायचा आणि गाणं म्हणायचा. गळा काही बरा नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी तो शेततळ्याकडे गेला. मोटर पाणी उचलत नव्हती. पाइपच्या टोकाची जाळी साफ करायला तो कडेनं खाली उतरला. शेततळ्याला काळा प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं. एकदा पाय सुटला की हाताला धरायला काही म्हणजे काही मिळत नाही. बांधावर त्याच्या चपला आणि फोन दिसले, तेव्हा माणसं धावली.

त्याला माझ्या मधल्या सीटवर आणून ठेवलं. झुंबरबाईंनी डोकं मांडीवर घेतलं. गाडी चालवणारा तोच एक होता, आणि तो तर आडवा झालेला. तातेरावांनी मला शेताच्या वाटेवर दोन-चारदा चालवलं असेल. तेच बसले. त्यांना वरचा गिअर पडेना. इंजिन ओरडत होतं आणि मी बैलगाडीसारखी चालले होते. मागं न बघता ते सारखे म्हणत होते, "अंगदा, दवाखाना आलाच रे. आलाच." झुंबरबाई काही बोलल्या नाहीत. पदरानं त्याचं तोंड पुसत राहिल्या.

भोकरदनला डॉक्टर गाडीपाशीच आले. वाकून पाहिलं. स्ट्रेचर त्यांनी मागवलंच नाही.

त्यानंतर मी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिले. तातेराव माझ्याकडे पाहत नसत. शेतात जायचा रस्ता माझ्या शेजारून होता, तर त्यांनी तो बदलला, मागच्या बाजूनं जाऊ लागले. घरातही ते बोलेनासे झाले होते. माझ्या टपावर कोंबड्या बसू लागल्या. मधली सीट वाळली, पण तिचा वास गेला नाही.

मग एक दिवस जालन्याचा राधेश्याम आला. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा हा माणूस. झुंबरबाई बाजाराला गेल्या होत्या, तेवढ्यात व्यवहार झाला. राधेश्यामनं मला साबणानं धुतलं, सीटला नवी कव्हरं घातली, अत्तराची बाटली टांगली आणि पातीनं खरवडून काचेवरचं नाव काढलं.

जालन्यात मला बघायला तिघं आली. बुद्धभूषण एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला, त्यांची बायको संध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि कॉलेजात जाणारी मुलगी अर्पिता. माणसं जुनी गाडी कशी बघतात ते मला तेव्हा कळलं. बुद्धभूषण टायरांना लाथ मारून पाहत होते, ऑइलची काडी काढून नाकाशी नेत होते. अर्पितानं आधी आरसा फिरवून स्वतःला पाहिलं. संध्याबाई मात्र दार उघडून मधल्या सीटवर नुसत्या बसून राहिल्या.

"हिच्यात काही वाईट घडलं न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई, ताई," राधेश्याम म्हणाला. "घरची गाडी हाय. शेतकऱ्याचं पोरगं गेलं पुण्याला, आता चालवायला कोणी न्हाई."

मला वाचा असती तर त्या क्षणी मी काय केलं असतं कोण जाणे.

माणसं मात्र चांगली मिळाली. त्यांनी माझ्या डॅशबोर्डवर छोटी बुद्धमूर्ती बसवली आणि पहिल्याच लांबच्या फेरीत मला नागपूरला दीक्षाभूमीवर नेलं. वाटेत मागं बसून बुद्धभूषणांच्या बहिणी इतक्या हसल्या की माझ्या काचा थरथरल्या. मला वाटलं, सुटले. मागचं मागं राहिलं.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी अर्पिता ओरडली, "मम्मी, काचेवर कोणी तरी लिहिलंय!"

अक्षरं खरवडून गेली होती, पण इतके दिवस ती काचेला चिकटून होती, त्या जागी दव बसत नव्हतं. भोवती सगळं धूसर, आणि मधोमध स्वच्छ 'झुंबर'. संध्याबाईंनी फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं. त्यांनी लिंबू घासलं, चुना घासला. दव पडलं की नाव हजर.

आणि मग आवाज आला.

मंगळवार होता. संध्याबाई शाळेला निघाल्या. त्यांनी मला चालू केलं, माझा पडदा उजळला, आणि माझ्याच स्पीकरमधून एक तरुण मुलगा बोलला, "आबा, आईला सांगा भाकर टाकायला. आलोच मी."

संध्याबाईंनी सावकाश मान वळवून मागं पाहिलं. मधल्या सीटवर त्यांची पर्स होती. पडद्यावर नाव आलं होतं: अंगद. मग तेही गेलं.

दिवसभर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. ज्या बाई वर्गात मुलांच्या डोक्यातून भुताखेतांच्या गोष्टी पुसून टाकायच्या, त्या घरी कशा सांगणार? पण पुढच्या मंगळवारी शेजारी अर्पिता बसली होती आणि तिनंही ऐकलं. तेच शब्द, तोच हसरा आवाज.

बुद्धभूषणांनी मला गॅरेजात नेलं. मेकॅनिकनं वायरी उलगडल्या, परत जोडल्या. "सगळं बराबर हाय, साहेब," म्हणाला.

"भूतबीत काही नसतं," घरी येऊन बुद्धभूषण म्हणाले.

"ते मलाही माहीत हाय," संध्याबाई म्हणाल्या. "मंग हा पोरगा कोण हाय, तेवढं सांगा मला. रोज मागं कोणी बसलंय असं वाटून राह्यलं. आरशात बघायची हिंमत होत न्हाई."

बुद्धभूषणही आरशात बघत नव्हते, हे मला ठाऊक होतं.

शेवटी त्यांनी माझ्याशेजारीच उभं राहून राधेश्यामला फोन लावला. गाडी काढायची म्हणाले. पलीकडून राधेश्याम काय बोलला तेही मला ऐकू आलं: "काढू की. फक्त येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे नावाचं आन् आवाजाचं बोलू नका."

अर्पिता ओसरीवर होती. "म्हणजे आपणही तसंच करायचं?" तिनं विचारलं. "दुसऱ्या कोणाच्या तरी मम्मीला घाबरू द्यायचं?"

त्या आठवड्यात बुद्धभूषणांनी कुणाला गाडी दाखवली नाही.

आवाज कुठून येतो ते मला आधीपासून माहीत होतं. घरासमोर बदामाचं झाड आहे. त्याखाली दर मंगळवारी एक बाई येऊन उभी राहायची, फिकट हिरवं लुगडं, कानाशी फोन. मी तिला पहिल्याच दिवशी ओळखलं. मला तिच्याकडे एक पाऊल सरकता येत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी आवाज आला आणि अर्पिता घाबरली नाही, चिडली. दार उघडून खाली उतरली, चारी बाजूंना पाहिलं. आणि तिला बदामाखाली फोन उलटासुलटा करणारी म्हातारी दिसली.

"आजी, हा फोन तुमचा हाय?"

"माझ्या लेकाचा हाय, माय."

"अंगद?"

म्हातारीचा चेहरा असा उजळला की अर्पिता मागं सरली. "तुला बोलला का तो?"

घरात नेऊन पाणी दिल्यावर सगळं समजलं. झुंबरबाई मंगळवारी साखरेच्या आजाराच्या गोळ्या न्यायला जालन्याला यायच्या, मागच्याच गल्लीत बहिणीकडे थांबायच्या. एकदा येता येता त्यांनी मला दारात पाहिलं आणि काचेवर दवात उमटलेली ती अक्षरं ओळखली. अंगदचा फोन त्या कायम जवळ बाळगत. त्यात त्यानं वडिलांना बोलून पाठवलेला एक निरोप होता, तो शेजारच्या पोरीनं त्यांना लावायला शिकवला होता. त्या दिवशी त्या झाडाखाली उभ्या राहून तो ऐकत होत्या. इकडे संध्याबाईंनी मला चालू केलं. अंगदचा फोन माझ्या ओळखीचा, जवळ असला की ब्लूटूथनं आपोआप जोडला जाणारा. त्यांच्या कानातला आवाज थांबला आणि गाडीतून येऊ लागला.

"मला वाटलं, लेक गाडीत जाऊन बसला," झुंबरबाई म्हणाल्या. "तवापासून येते. बाकी काही न्हाई. तुम्हाला भेव वाटत असंल हे ध्यानातच आलं न्हाई, माय. आमचं पोरगं हिच्यातच नेल्तं दवाखान्यात, ते सांगितलं असंलच की तुम्हाला."

संध्याबाईंनी मान हलवली. नाही.

झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. "मंग चुकलंच की. पुन्ना न्हाई येणार. पण भेव वाटलं म्हणून हिला विकू नका, बाई. विकली तर मी कुठं पाहू?"

संध्याबाईंनी शाळेत फोन करून रजा घेतली. "चला, तुम्हाला घरी सोडते," म्हणाल्या.

भोकरदनच्या रस्त्यानं मी उलट्या दिशेनं निघाले. पुढं संध्याबाई आणि अर्पिता बसल्या; झुंबरबाई मधल्या सीटवर, त्याच जागी. दवाखान्याचं फाटक आलं तेव्हा त्यांनी पदर मांडीवर सारखा केला, जसं काही तिथं डोकं होतं.

धावड्यात तातेराव बाजेवर बसले होते. मला पाहून ते ताडकन उठले आणि घरात जाऊन त्यांनी दार लावलं.

"दार उघडा," झुंबरबाई म्हणाल्या. "पाव्हण्या आल्यात."

"तिला घेऊन जा म्हणावं," आतून आवाज आला. "मला न्हाई पाहायची ती."

"गाडीनं काय केलं तुमचं?"

दार उघडलं. किती खंगले होते ते! बोलले तेही माझ्याकडे पाहून, बायकोकडे नव्हे. "गाडीनं न्हाई. मी केलं. मला चालवता येत न्हाई तरी मी बसलो. बैलाच्या चालीनं नेलं मी त्याला. दुसरा कोणी असता तर पोरगं वाचलं असतं. रोज तेच डोळ्यापुढं येतं. रोज त्या रस्त्यावर मी आन् गाडी हालत न्हाई."

मला आजवर वाटत होतं की ते दुःखानं मुके झालेत. झुंबरबाईंनाही तसंच वाटत होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या नवऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या मांडीवर टेकवला तवाच तो गेल्ता," त्या म्हणाल्या. "शेतातच. गाडी सुरू व्हायच्या आधी. मला कळलं होतं."

तातेराव त्यांच्याकडे पाहत राहिले. "मंग तू बोलली का न्हाईस?"

"तुम्ही गाडी चालवून राह्यलते. आलाच दवाखाना, आलाच, म्हणत होते. काय सांगू मी?"

संध्याबाईंनी अर्पिताचा हात धरून तिला अंगणाच्या कडेला नेलं. मला कुणी नेलं नाही, म्हणून मी पाहिलं. तातेराव खाली बसले ते माझ्या चाकाला टेकूनच. रडताना त्यांची पाठ माझ्या पत्र्यावर आपटत होती. त्या दिवशी मला त्यांना हेच सांगायचं होतं. मधल्या सीटवर श्वास नव्हता, ते मलाही कळलं होतं. ते सांगायला माझ्याजवळ हॉर्न आणि दिवे सोडून काही नव्हतं.

पुढं सुट्टीच्या दिवशी संध्याबाई धावड्याला जाऊ लागल्या, कधी मिरची घेऊन परतू लागल्या. तातेराव आता बोलतात, थोडं. पण माझ्यात बसत नाहीत, आणि कुणी आग्रहही करत नाही. झुंबरबाई मंगळवारी येतात तेव्हा बदामाखाली उभ्या राहत नाहीत, घरात येऊन चहा घेतात. फोन त्या पिशवीत ठेवतात, तरी कधी कधी मी चालू होताना तो मला सापडतो. तेव्हा कुणी दचकत नाही. सगळ्या ऐकतात आणि मग गाडी निघते.

मला अजून भीती वाटते. भोकरदनच्या रस्त्याला लागलं की माझं इंजिन जड होतं, मेकॅनिकला काही सापडत नाही.

कधी तरी मला विकतीलच. गाडीचा जन्म तसाच असतो. तुम्ही मला बघायला याल, टायरांना लाथ माराल, ऑइलची काडी नाकाशी न्याल. अर्पिता तुम्हाला सगळं खरं सांगणार आहे, तिनं आईला तसं बजावून ठेवलंय. ते ऐकून परत गेलात तर मला राग नाही. आणि घेतलंत, तर मला हळूच चालवा. माझ्या हळू चालण्यानं कुणी गेलेलं नाही, हे आता धावड्यात माहीत आहे.