बसलं म्हणेपर्यंत

भिंतीत खिळा ठोकला, त्यावर सुतळी अडकवली आणि चित्र लोंबकळलं की लोकांना वाटतं, झालं टांगून. मग दार आपटलं की ते तिरकं होतं, घरातला जो तो येता-जाता त्याला बोटानं सरळ करतो, आणि एक दिवस ते खाली आलं की सगळे मिळून खिळ्याला नावं ठेवतात. अशा घरी मला कुणी जेवायला बोलावलं तर माझं लक्ष ताटात राहत नाही. दादा तर यजमानांना विचारायचाही नाही. हात धुऊन आला की खिशातून पाना काढून थेट भिंतीपाशी उभा राहायचा.

आम्हा दोघा भावांचा धंदाच तो. संग्रहालयं, बँकांचे मोठे हॉल, इस्पितळांचे लांबलचक पॅसेज. जिथं माणसांची ये-जा असते आणि चित्र पडता कामा नये, चोरीला जाता कामा नये, कुणाच्या खांद्याचा धक्का लागून हलताही कामा नये, तिथं आम्हाला बोलावतात. फ्रेमच्या मागे वरच्या दोन कोपऱ्यांत पोलादी पट्ट्या, त्यांच्यासाठी भिंतीत दोन हूक, आणि खाली मधोमध एक कुलूप. कुलूप म्हणजे जीभ असलेला स्क्रू. फ्रेमच्या खालून चपटा पाना सरकवून पाव फेरा दिला की जीभ आडवी होते, आणि मग तो पाना हातात नसलेल्या माणसानं कितीही ओढाताण केली तरी चित्र जागचं हलत नाही.

मोठं चित्र लावणं हे एकट्याचं काम नाही. दोन बाजूंना दोन घोडे, म्हणजे दोन्हीकडून पायऱ्या असलेल्या शिड्या, उभे करायचे. दोघांनी एकदम चढायचं, फ्रेम भिंतीला धरून वर न्यायची आणि चाचपडत पट्टी हुकात सोडायची. हूक फ्रेमच्या मागे असतो, दिसत नाही. हाताला फक्त एक बारीकसा झटका कळतो. तो कळला की म्हणायचं, "बसलं." पण हात काढायचा नाही. दुसऱ्याचं "बसलं" ऐकू येईपर्यंत धरून राहायचं. एकाचं बसलं म्हणून त्यानं सोडून दिलं आणि दुसऱ्याचं बसायचं असलं, तर अख्खी फ्रेम एका हुकावर गरकन फिरते आणि दुसऱ्याला घोड्यासकट खाली घेऊन येते. हा नियम दादाचा. एकदा आमचा अबोला चांगला आठवडाभर चालला, आणि त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी फक्त "बसलं" एवढंच बोललो. वहिनींनी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता.

दादा गेला त्याला आता महिना होत आला. मला काही वाटत नाही. मी हे खरंच सांगतो, आणि लोकांना ते फार लागतं. भेटायला आलेले लोक आधी माझ्या तोंडाकडे निरखून बघायचे आणि मग एकमेकांकडे. आईचा रोज फोन येतो. आधी विचारते, जेवलास का, आणि लगेच, रडलास का. नाही म्हटलं की म्हणते, "रडून घे रे एकदाचं, बरं वाटेल." माझा औषधाचा डोस चुकत असल्यासारखं म्हणते. मी हो म्हणून फोन ठेवतो. जेवतो, झोपतो, दाढी करतो, साबण संपला की आठवणीनं आणतो. कुणी चिमटा काढला तरी कळणार नाही, असं झालंय.

फक्त वहिनी समोर आल्या की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. त्याला कारण आहे.

दादा गेला तेव्हा इस्पितळात त्याच्यापाशी मी एकटाच होतो. वहिनींनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, म्हणून मीच त्यांना म्हटलं, खाली कॅन्टीनमध्ये जाऊन दोन घास खाऊन या, मी आहे. त्या वर आल्या तेव्हा नर्स चादर नीट करत होती. त्या दिवसापासून त्या मला एकच गोष्ट विचारताहेत. "भावजी, ह्यांनी शेवटी काय म्हटलं?" मी म्हणतो, "काही नाही वहिनी, झोपेतच गेला." त्या मान हलवतात. त्यांना ते पटलेलं नसतं हे मला कळतं, आणि मला कळलंय हे त्यांना कळतं. दोन-चार दिवस जातात आणि त्या पुन्हा विचारतात. दुसरं काहीच त्या माझ्याकडे मागत नाहीत.

काम थांबलेलं नव्हतं. संग्रहालयात अग्निशमन दलाचं प्रदर्शन लागायचं होतं. पितळी शिरस्त्राणं, जुनी नळकांडी, पाण्याचे पंप, आणि मुख्य म्हणजे एक अवाढव्य तैलचित्र. दादाच्या जागी मी दोन माणसं रोजानं आणून बघितली. पहिला हूक लागायच्या आधीच "झालं, झालं" म्हणून हात झटकायचा. दुसरा घोड्यावर चढून फोन बघायचा. दोघांनाही मी घरी पाठवलं, आणि शब्दही बरे वापरले नाहीत. संग्रहालयाच्या बाई हवालदिल झाल्या. उद्घाटन तोंडावर आलेलं आणि मुख्य भिंत रिकामी.

संध्याकाळी मी घरी आईशी फोनवर हेच बोलत होतो ते वहिनींच्या कानावर गेलं. त्या दारात येऊन म्हणाल्या, "मी येते उद्या."

"तुम्ही? वहिनी, ते वजनाचं काम आहे."

"पडदे मी नुसते शिवत नाही भावजी, लावायलाही मीच जाते. घोड्यावर चढायला मला तुमच्याकडून शिकायला नको."

त्या का येताहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. घोड्यावरून मला उठून दुसऱ्या खोलीत जाता येणार नव्हतं.

सकाळी आम्ही लहान फ्रेम घेतल्या. वहिनी गळ्यात टेप टाकूनच आल्या होत्या. त्यांनी मापं घ्यायची, पेन्सिलीची खूण करायची, मी ड्रिल मारायचं. त्यांची खूण केसभरही इकडेतिकडे नसायची. एरवी मी वाहवा केली असती. तेव्हा मी नुसतं भोक पाडलं, प्लग ठोकला आणि पुढच्या खुणेकडे गेलो.

मधेच बाई आल्या. बाई मनानं चांगल्या, पण आम्ही त्यांचं नाव ठेवलं होतं 'जरासं'. कुठलंही चित्र लावा, त्या चार पावलं मागे जाणार, मान वाकडी करणार आणि म्हणणार, जरासं वर. दादाची त्यावर एक युक्ती होती. तो फ्रेमला हात लावायचा, कण्हायचा, कुंथायचा, आणि चित्र होतं तिथंच ठेवून बाजूला व्हायचा. बाई खूश. त्या दिवशीही त्या म्हणाल्या, "जरासं डावीकडे," आणि माझे हात आपोआप फ्रेमकडे गेले. मी कण्हलो, कुंथलो, आणि काहीही न हलवता खाली उतरलो.

"आता कसं छान दिसतंय!" बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

वहिनींनी ओठ दाबून धरले होते. हसू होतं की दुसरं काही, मी बघितलं नाही. "ह्यांच्याकडून घेतलंत," एवढंच त्या म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर मोठं चित्र घेतलं. त्यात जुनं अग्निशमन दल बंबापुढे रांगेत उभं होतं, पितळी शिरस्त्राणं घालून, मिशा पिळून. फ्रेम जाडजूड लाकडाची. वर नेण्याआधी मी वहिनींना नियम सांगितला. झटका कळला की म्हणायचं, मोठ्यानं म्हणायचं, आणि माझं ऐकू येईपर्यंत काहीही झालं तरी सोडायचं नाही.

"आणि सोडलं तर?"

"तर मी घोड्यासकट खाली."

"मग नाही सोडत," त्या म्हणाल्या.

आम्ही चढलो. फ्रेम एकेक पायरी वर आली. माझी पट्टी आधी हुकात गेली, झटका हाताला कळला. मी तोंड उघडलं, पण त्याआधी पलीकडून वहिनींचा आवाज आला, स्वच्छ आणि मोठा.

"बसलं."

माझ्या तोंडून शब्द निघेना.

"भावजी, बसलं म्हटलं मी."

"ऐकलं."

"तुमचं बसलं नाही का?"

"बसलंय."

"मग म्हणा की."

मी फ्रेमच्या कडेकडे बघत राहिलो. खाली हॉलमध्ये कुणी नव्हतं. चित्राच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी, मधे ती सगळी मिशाळ माणसं, आणि मी बोलेपर्यंत दोघांनाही जागचं हलता येत नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "दादा शेवटी हेच म्हणाला."

पलीकडून फ्रेम भिंतीला आणखी दाबली गेली.

"त्या दिवशी तो सकाळपासून चित्र लावत होता, तुम्ही बघितलंत ना. हात वर करून धरायचा. आपण हात खाली ठेवायचो, तो परत वर न्यायचा."

"डॉक्टर म्हणाले तापानं होतं तसं."

"तुम्ही खाली गेलात तेव्हा त्यानं माझा हात धरला. घट्ट. म्हणाला, बसलं. आणि माझ्याकडे बघत राहिला. तो थांबला होता वहिनी, माझं ऐकायला."

"मग?"

"मग मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं. बसलं. आणि त्यानं हात सोडला." माझा आवाज सपाट होता, मलाच ऐकू येत होतं ते. "मी गप्प बसलो असतो तर त्यानं धरून ठेवलं असतं. तुम्ही वर येईपर्यंत धरून ठेवलं असतं. दादानं कधी आधी सोडलेलं नाही."

मग वहिनी म्हणाल्या, "आणि मला सांगत होतात, झोपेत गेले."

"हो."

"महिनाभर."

"हो."

फ्रेम थरथरायला लागली. लाकडातून ती थरथर माझ्या बोटांपर्यंत आली. मला वाटलं त्या रडताहेत. मी मान पुढे काढून बघितलं, तर रडत नव्हत्या. दात-ओठ खाऊन त्यांनी फ्रेम वर रेटून धरली होती. भार केव्हाच हुकांवर गेला होता, पण नवं माणूस चित्र बसलं तरी उचलूनच धरतं. दंड कापत होते त्यांचे.

"सकाळपासून धरलं होतं ह्यांनी?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही बघितलंत ना."

"बघितलं. मला वाटलं, भ्रमात करताहेत." त्यांनी श्वास घेतला. "मला दोन मिनिटं होत नाहीत तर माझे हात भरून आलेत."

मी मान परत मागे घेतली.

"तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाचं ऐकून सोडलं नसतं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "माझंही नाही. मला राग आलाय तुमचा, तो राहू दे. पण आता म्हणा भावजी. हात तुटायला आलेत माझे."

"बसलं," मी म्हणालो. आवाज नीट फुटला नाही, पण त्यांना ऐकू गेलं. दोघांनी हात काढले. चित्र भिंतीवर राहिलं.

मी पाणसळ काढली, फ्रेमच्या वरच्या कडेवर ठेवली आणि बुडबुडा बघायला वाकलो. बुडबुडा दिसेना. काच पुसली तरी दिसेना. हिरवं पाणी नुसतं पसरल्यासारखं दिसत होतं. वहिनी आपल्या घोड्यावरून उतरल्या, माझ्या घोड्याच्या मागच्या बाजूनं वर चढल्या आणि त्यांनी पाणसळीवर डोळा लावला.

"मधोमध आहे."

"नीट बघा वहिनी."

"नीटच बघतेय. तुम्ही आधी डोळे पुसा," त्या म्हणाल्या, "आणि खालचं कुलूप लावा."