पापुद्र्याआडचं पाणी

कांद्याचा आतला पापुद्रा हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात धरला की तो जवळजवळ नाहीसाच होतो. बोटांच्या चिमटीत काही आहे हे केवळ त्याच्या फिकट जांभळ्या छटेवरून कळतं. शाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीशी सुमती असा पापुद्रा डोळ्यांसमोर धरून उभी राही, आणि त्यातून गाळून आलेला प्रकाश तिच्या गालावर क्षणभर रेंगाळे. तिच्या हातांना कायम कांद्याचा वास येई. लग्नाआधी बायकोच्या हातांना मोगऱ्याचा वास येईल अशी माझी कल्पना होती. मी मराठीचा मास्तर, तेव्हा माझा दोष नव्हता.

ती पुण्याची, विज्ञान शिकलेली. मी चाकणजवळच्या भामा नदीकाठच्या गावातला, शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर औषधांच्या कारखान्याच्या भिंती उभ्या राहत होत्या, आणि आमच्या चाकणच्या शाळेत विज्ञान शिकवायला माणूस मिळत नव्हता. लग्नानंतर ती जागा सुमतीनं घेतली. हेडमास्तरांच्या कपाटात पितळेचा एक सूक्ष्मदर्शक होता. कुणी त्याला हात लावू नये यासाठीच जणू तो विकत घेतलेला. तिनं तो काढला, पुसला, खिडकीशी ठेवला आणि जांभळ्या कांद्याचा पापुद्रा त्याखाली सरकवला.

मीही पाहिलं होतं त्यातून. विटांच्या बांधकामासारख्या ओळीनं मांडलेल्या इवल्या इवल्या खोल्या, आणि प्रत्येक खोली जांभळ्या रसानं तुडुंब. सुमती काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडी आणि दुसऱ्या कडेला टिपकागद टेकवी. पाणी पापुद्र्याखालून हळूच सरके, आणि पाहता पाहता प्रत्येक खोलीतला जांभळा रस भिंतीपासून सुटून, अंग चोरून, मधोमध गोळा होई. मग ती साध्या पाण्याचा थेंब सोडी. काही वेळ काहीच घडत नसे. मुलं चुळबुळत. ती मान वर न करता म्हणे, "थांबा, येतंय." आणि ते येई, रस पुन्हा पसरे, भिंतींना टेके, खोल्या भरून जात. तिच्या आवाजातल्या त्या 'येतंय'मध्ये इतका निर्धास्तपणा असे की मला वाटे, पाण्याला यावंच लागत असणार.

पेशीभोवतीचा पडदा दिसत नाही इतका पातळ असतो, पण तो गाफील नसतो, हे तिचं आवडतं वाक्य. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातच थोपवायचं, हे तो जाणतो. पाणी मात्र त्यातून ये-जा करतं, आणि बाहेर मीठ जास्त झालं की ते आतून बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. काही द्रव्यं दाटीकडून विरळ जागेकडे आपसूक जातात, त्यांना ती उतारावरचं पाणी म्हणे. काहींना उलट दिशेनं, विरळातून दाटीत न्यावं लागतं, आणि तिथे पेशीला स्वतःचं बळ खर्चावं लागतं. हे सांगताना ती शेतकऱ्यांच्या मुलांकडे पाहून विचारी, "विहिरीतलं पाणी वर येताना काय लागतं?" मुलं म्हणत, "मोट. आन बैलं." "मग पेशीतही मोट असते असं समजा," ती म्हणे. पुस्तकात असलं काही नव्हतं. पण चाकणच्या मुलांच्या डोक्यात ते जे बसलं ते कायमचं.

घरी मात्र तिच्या बोलण्यावर वेगळाच पडदा होता. आमच्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. दादा, माझा थोरला भाऊ, हातभर अंतरावर जेवायला बसलेला असे आणि सुमती भाकरी थापता थापता वहिनींना विचारी, "आक्का, दादांना आमटी हवी का?" वहिनी दादाला विचारत. दादा समोरच्या भिंतीला सांगे, "वाढा म्हनावं." ते उत्तर वहिनी पुन्हा सुमतीला देत, जणू तिनं ते ऐकलंच नव्हतं. पुण्याच्या घरात वडिलांशी वाद घालत वाढलेली ही मुलगी या फेऱ्याला कधी कंटाळली नाही. उलट एकदा मला हसून म्हणाली, "तुमच्या दादांपर्यंत जाताना माझ्या बोलण्यातला अर्थ पोचतो, जोर तेवढा वाटेत गळतो." मला त्यात फक्त थट्टा दिसली.

त्या वर्षी पौषात कांद्याची लागण झाली. दादानं तालुक्याहून नवं पांढरं खत आणलं. शाळेच्या बागेत सुमतीनं ते वापरलेलं त्यानं पाहिलं होतं, पण तसं कबूल करायचा त्याचा स्वभाव नव्हता. सुमतीनं वहिनींकडून निरोप धाडला: चिमूट चिमूटच टाकायचं, रोपाच्या बुडाशी नको, आणि वर भरपूर पाणी द्यायचं. वहिनींनी निरोपातला काना-मात्रा बदलला नाही. पण दादाच्या हाताला राखेची सवय होती. आमच्याकडे चुलीतली राख साठवून कांद्याच्या रोपांना घालत. बुडाशी मूठ, पुढच्या रोपाला मूठ, आजोबांपासून हेच चाललेलं. राख मुठीनं घालणाऱ्या माणसाला चिमटीनं काही घालायचं म्हणजे पोरखेळ वाटतो. दादानं पांढरं खतही राखेसारखंच घातलं, सगळ्या वाफ्यांना, मन लावून.

दोनेक दिवसांत रोपांनी माना टाकल्या. माती ओली, वाफे भरलेले, आणि त्यात उभी असलेली रोपं तहानलेल्यासारखी मलूल. दादानं उकरून पाहिलं, ओल हाताला लागली, आणि त्यानं शेतकऱ्याला सुचेल तेच अनुमान काढलं: पाणी जास्त झालं, मुळं कुजायला लागली. त्यानं मोट थांबवली, बैल सोडले. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. त्या वावरातल्या कांद्यावर घराचं वर्ष उभं होतं; गादीवाफ्यातलं रोप संपलेलं, शेजारीपाजारी कुणाकडे उरलेलं नाही, आणि पुन्हा बी टाकायला हंगाम थांबणार नव्हता. गावात कुजबूज सुरू झाली होतीच की शिकलेल्या सुनेचं खत भोवलं. सुमतीच्या कानावरही ते आलं.

रविवार होता. सकाळी ती माझ्याबरोबर वावरात आली, एक रोप अलगद उपटलं, पांढरी मुळं बोटावर घेऊन पाहिली, जिभेला माती लावली आणि थुंकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मुळं कुजलेली नाहीत. त्यांच्यातलं पाणी माती ओढून घेतेय. आत्ताच्या आत्ता पाणी सोडायला सांगा, वाफ्यांची खालची तोंडं फोडून. खत धुऊन निघालं पाहिजे." मी दादाकडे गेलो. तो विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर, बसला होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पान्यात उभं ऱ्हाऊन मेलंय ते, आन तू आनखी पानी पाज म्हंतोस? कवितेचा मास्तर तू. जा." मी परत आलो. तिनं वहिनींना पाठवलं. वहिनीही परत आल्या, आणि म्हणाल्या, "न्हाई आयकत गं. पालथ्या घड्यावर पानी."

तेव्हा सुमतीनं जे केलं ते मला आजही रेषेरेषेनं दिसतं. तिनं डोक्यावरचा पदर काढला नाही, उलट कपाळापर्यंत नीट पुढे घेतला. त्याचं टोक कमरेला घट्ट खोचलं. पौषातलं तिरकं ऊन बांधावर पडलं होतं आणि गवतावरचं दव तिच्या पावलांखाली मोडत होतं. ती घाई न करता चालत गेली, वर्गात सूक्ष्मदर्शकाकडे जायची तशी, आणि थारोळ्यासमोर थांबली. दादा उठून पाठ फिरवू लागला, रीतच तशी होती.

"दादा," ती म्हणाली. घरात आल्यापासून त्या हाकेला तिनं पहिल्यांदाच त्याच्या कानापर्यंत जाऊ दिलं होतं.

दादा जागच्या जागी थबकला.

"काकडीच्या कोशिंबिरीत आधीच मीठ घातलं तर काय होतं?"

त्यानं अर्धवट मान वळवली. मग विहिरीकडे पाहत म्हणाला, "पानी सुटतं."

"कुणाचं?"

"काकडीचंच की."

"मग ती मऊ पडते. तुमच्या रोपांना तेच झालंय. खत मिठासारखंच आहे, मूठ मूठ पडलंय. मुळाशी ओल आहे, पण मुळाला ती पिता येत नाही. त्याचंच पाणी बाहेर चाललंय. रोप अजून जिवंत आहे. आज गोडं पाणी मिळालं तर पुन्हा भरेल. उद्या मी सांगायला येणार नाही, कारण उद्या उपयोग नसेल."

तिचा आवाज चढला नव्हता आणि कापलाही नव्हता. मी बांधावर उभा होतो आणि मला अभिमानानं भरून आलं होतं, हे सरळ सांगतो. वहिनींनी तोंडावर पदर धरला होता. दादा वावराकडे पाहत राहिला, मग त्यानं बैलांच्या दिशेनं हाक दिली, आणि तिच्याकडे न पाहता, पण तिलाच, म्हणाला, "दारं कोन धरनार?"

"मी धरते," सुमती म्हणाली.

मोटेचं चाक कुरकुरलं, थारोळ्यात पाणी कोसळलं, पाटातून धावत आलं. दादानं मोट हाकली, मी खालचे बांध फोडले, आणि सुमती खोऱ्यानं एका वाफ्याची वाट बंद करून दुसऱ्याची उघडत राहिली. पाणी वाफ्यांत शिरे, मातीतलं खारं सत्त्व घेऊन ओढ्याकडे निघून जाई, आणि मागून नवं पाणी येई. दुपारपर्यंत रोपांत काही फरक नव्हता. दादा मोटेवरून पुन्हा पुन्हा वाफ्यांकडे पाही, आणि एकदा त्याच्यानं राहवलं नाही. "काय दिसतंय का?" त्यानं विचारलं.

चिखलानं भरलेल्या हातांनी कपाळावरचा पदर सावरत, मान वर न करता ती म्हणाली, "थांबा, येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आलं होतं. सगळं नाही. वरच्या कोपऱ्यातले वाफे, जिथे खत सर्वांत दाट पडलं होतं, ते गेलेच. पण उरलेल्या वावरात हिरव्या नळ्या उभ्या होत्या, ताठ आणि भरलेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाशी दवाचा थेंब होता. दादा कितीतरी वेळ उकिडवा बसून एकेका रोपाला बोट लावत होता. त्यानंतर घरातली रीत मोडली असं कुणी म्हटलं नाही. सुमतीचा पदर डोक्यावरच राहिला, दादा जेवताना भिंतीकडेच तोंड करून बसे. फक्त त्या भिंतीला तो आता विचारी, "मास्तरीणबाय, औंदा खत किती?" आणि उत्तर त्याला थेट मिळे. वहिनी म्हणत, "माजं एक काम कमी झालं."

कारखाने पिंपरीहून सरकत सरकत आमच्यापर्यंत आले. त्या वावरावर आज पत्र्याची गोदामं आहेत आणि विहीर बुजली आहे. दादा गेला, वहिनी गेल्या. सुमतीला जाऊनही आता बरेच हिवाळे झाले. सकाळी चहाबरोबर मी एखादा कांदा उगाच सोलतो, आतला पापुद्रा काढून उन्हात धरतो, आणि हाताला तो जुना वास लागेपर्यंत थांबतो. पापुद्र्यापलीकडे काही दिसत नाही, उजेड तेवढा असतो. काळानं आमच्यामध्ये केवढं अंतर घातलं आहे हे मला ठाऊक आहे. पण तिचं बोलणं त्यातून माझ्याकडे येतं, जोर जराही न गळता, आणि मध्ये कुणा निरोप्याची गरज लागत नाही.