आर्वीकडची बाजू

रोहण्याच्या स्टेशनात उंदरीण व्याली होती. पुठ्ठ्याच्या त्या स्टेशनाचं छप्पर उचललं तर आत कापसाचा बिछाना, लेंड्यांचा थर आणि सहा गुलाबी पिल्लं, बोटाच्या पेराएवढी. वास तर असा की डोळ्यांत पाणी यावं. माझी सून भावना दिवाणावर चढली आणि वर पोचल्यावर तिनं पहिल्यांदा मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. मी चिमट्यानं एकेक पिल्लू सुपात ठेवलं आणि परसात टाकून आले. मग फिनेलचं फडकं घेऊन स्टेशन पुसायला बसले.

चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. पू, उलट्या, जखमेतले किडे, सगळं ह्या हातांनी काढलं आणि हात धुऊन तिथेच डबा खाल्ला. नव्या पोरी विचारायच्या, आनंदाबाई, तुम्हाला किळस येत नाही का? मी म्हणायची, किळस येत असेल तर बँकेत जा, इथं कशाला आलीस.

आमचे मिस्टर, प्रभाकरराव, पुलगाव-आर्वीच्या छोट्या रेल्वेवर गार्ड होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या नाताळात त्यांनी ती रेल्वे घरात आणली. मोडक्या दाराची सात फुटी फळी, एका टोकाला पुलगाव, दुसऱ्या टोकाला आर्वी, मधे सोरटा, विरुळ, रोहणा. रूळ छत्रीच्या काड्यांचे, इंजिन तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं, चाकं शिलाई मशीनच्या बॉबिनची. घरांसाठी मी सलाइनचे रिकामे खोके आणायची. बाळ येशूची गव्हाणी रोहण्याच्या स्टेशनामागच्या गोठ्यात. बेथलेहेम कोणी पाहिलंय, रोहणा आपण रोज पाहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतांमध्ये खराखुरा कापूस चिकटवलेला. भावना लग्न होऊन आली त्या वर्षी म्हणाली, आई, बर्फ किती छान दाखवलाय. ते वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे.

ह्या गाडीला मोटर नाही. रुळांखालून दोरा जातो आणि दोन्ही टोकांना मूठ लावलेलं एकेक रीळ आहे. पुलगावकडे ते बसायचे, आर्वीकडे मी. त्यांनी गुंडाळायचं तेव्हा मी सैल सोडायचं, मी गुंडाळायचं तेव्हा त्यांनी. घट्ट धरलं की दोरा तुटतो, एकदम सोडलं की डबे उलटतात. पहिली दोन वर्षं आमची त्यावरून भांडणं झाली, मग हाताला कळायला लागलं. खरी छोटी रेल्वे बंद पडली, रुळांवर बाभळी वाढल्या, तरी आमच्या बैठकीतली दर नाताळात चालत होती. चर्चमधल्या भक्तीनंतर मंडळीतली माणसं आमच्याकडेच जेवायला यायची, गाडी पाहिल्याशिवाय कोणी पानावर बसायचं नाही.

मागच्या मार्चमध्ये त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. लाळ गळते, डायपर लागतो. आणि मला किळस यायला लागली. परक्या माणसांची कधी आली नाही, ती स्वतःच्या नवऱ्याची. त्यांच्या हनुवटीवर भाताचं शीत चिकटलेलं दिसलं की माझा घास तोंडात फिरतो. त्यांना पुसताना मी खिडकीबाहेर बघते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही.

दसऱ्यापासून प्रभाकररावांनी एक नवीन खूळ काढलं होतं. पलंगाच्या दांडीला एक रिकामं रीळ खुणेनं बांधून घेतलं आणि डाव्या हातानं ते तासन् तास फिरवायचे. लाळ उशीवर पडत राहायची, मूठ फिरत राहायची. हे कशासाठी चाललंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी न कळल्यासारखं केलं.

मुलगा धीरज पुण्याहून येताना एक भलामोठा खोका घेऊन आला. प्लास्टिकचं अख्खं गाव. छपरांवर बर्फ, धुराड्यांवर बर्फ, एका बाकावर गळ्याला मफलर गुंडाळलेली दोन माणसं बसलेली. बटन दाबलं की गाडी गोल गोल फिरते आणि इंग्रजी गाणं वाजतं. तिला माणूस लागतच नाही. धीरजनं ते गाव बैठकीत टेबलावर मांडलं आणि मी पुसून स्वच्छ केलेली फळी आतल्या खोलीत नेऊन भिंतीला टेकवली. नाताळच्या दिवशी बाबांनाही आतच ठेवू, असं तो म्हणाला. लोकांसमोर ते असं बरं दिसत नाही, त्यांनाच लाज वाटेल.

मी हो म्हटलं. जराही विचार न करता म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आता ते लपवून काय उपयोग? प्रभाकररावांनी पलंगावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात रिळावर तसाच फिरत होता.

नाताळला पंचवीस-तीस माणसं आली. मटण, पुलाव, करंज्या, केक. टेबलावर गाडी फिरत होती आणि दर दोन मिनिटांनी तेच गाणं पहिल्यापासून सुरू होत होतं. प्रभाकरराव कसे आहेत असं सगळ्यांनी विचारलं, मी आराम करताहेत म्हणून सांगितलं, त्यावर सगळ्यांनी मान हलवली आणि कोणी उठून आत गेलं नाही. मी त्यांचं ताट घेऊन खोलीत गेले तर वास आला. डायपर बदलायला हवा होता. ताट कुठं ठेवावं म्हणून जागा शोधत होते तेवढ्यात मागून भावना आली. नाकाला ओढणी, हातात रूम फ्रेशनरचा डबा.

"आई, बाहेरपर्यंत वास येतोय," ती म्हणाली.

आणि तिनं फवारा मारला. खोलीत मारला, पलंगावर मारला आणि तसाच त्यांच्या अंगावरून, तोंडावरून फिरवला. मोगऱ्याचा वास. झुरळ मारताना माणूस जसा हात फिरवतो तसा तिचा हात फिरला. पोरगी वाईट नाही, आपण काय केलं हे तिला कळलंही नसेल. प्रभाकररावांनी डोळे मिटून घेतले आणि डाव्या हातानं हळूहळू चेहरा पुसला.

मला शिसारी आली. तिची आली, बाहेरच्या त्या टिंगटिंग गाडीची आली, आराम करताहेत ऐकून पुन्हा पुलाव वाढून घेणाऱ्यांची आली. सगळ्यात जास्त माझी आली. नऊ महिने मी मनातून हेच करत होते, फक्त माझ्या हातात डबा नव्हता.

भावनाला मी वाढायला पाठवलं. दार लोटलं, पाणी घेतलं, त्यांना पुसलं, धुतलेला सदरा घातला. ह्या वेळी खिडकीबाहेर पाहिलं नाही. किळस गेली असं नाही. ती होतीच, पण हात चालत होते. मग धीरजला हाक मारली आणि फळी बाहेर घ्यायला सांगितली.

"आता? आई, लोकं जेवून राह्यले," तो म्हणाला.

"मंग जेवता जेवता पाहतीन."

दोन स्टुलांवर फळी ठेवली. पुलगावकडे प्रभाकररावांची चाकाची खुर्ची लावली, आर्वीकडे मी बसले. गाडी माझ्याकडे होती. माणसं ताटं घेऊन भोवती उभी राहिली. धीरजनं टेबलावरची गाडी बंद केली, एवढं मात्र त्याला सुचलं.

"सोडू का?" मी नेहमीसारखं विचारलं. त्यांनी मान हलवली.

डाव्या हातानं मूठ फिरली. इंजिनाला एक हिसका बसला, मग ते चालायला लागलं. रोहणा गेलं. पुढचं चार बोटं अंतर जायला बराच वेळ लागला. विरुळच्या अलीकडे गाडी थांबली. त्यांचा हात मुठीवरच होता, पण फिरत नव्हता. लाळेची तार सदऱ्यावर उतरली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, लहान मुलाला वाजवतात तशा, आणि लोक हळूहळू केकच्या टेबलाकडे सरकले. पाच मिनिटांत फळीपाशी आम्ही तिघंच उरलो. धीरज वाकला आणि त्यानं इंजिनाकडे हात नेला.

"आई, मी नेऊन देतो पुलगावले. तू जेवून घे ना."

"हात नको लावू," मी म्हटलं. "गाडी लेट हाये, बंद नाई पडली."

त्यानं हात मागे घेतला आणि तोही गेला.

प्रभाकररावांनी पुन्हा मूठ धरली. एक फेरा, मग थांबणं, मग अर्धा फेरा. मी तेवढाच दोरा सोडत होते, जास्त नाही. थोड्या वेळानं पुन्हा तोच वास आला. त्यांनाही कळलं असावं, कारण हात थांबला आणि ते माझ्याकडे बघायला लागले. बैठकीत माणसं होती, भावना होती, तो फ्रेशनरचा डबाही कुठंतरी होता.

मी उठले नाही. दोरा आणखी दोन बोटं सैल केला.