बाबांच्या खोलीतली नवी भिंत

काहीही हवं असलं की बाबा काठीने भिंत ठोकायचे. माझ्या दादाचे कान किटले. त्याने सुतार बोलावला.

"खोलीत आतून दुसरी भिंत उभारू," सुतार म्हणाला. "जुनीला टेकू द्यायची नाही, मधे लोकर भरायची. पण एक फट राहिली तर सगळी मेहनत पाण्यात."

दाराखालची फट दादाने स्वतः रबर लावून बुजवली. वर मला फोन, "आता हूं नाही की चूं नाही!"

महिन्याभरात बाबा गेले. मी पोचले तेव्हा ते पलंगावर नीट निजवलेले होते आणि दादा येईल त्याला सांगत होता, "झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही."

मी त्या शहाण्याला दंडाला धरून आत नेलं. नव्या भिंतीवर काठीचे खड्डे पडले होते. एकूण एक, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर.